लाकूड बदललं, नेम हरवला

ली-एनफिल्ड रायफलीचा मागचा दस्ता बदलायचा असेल तर हात आधी पुढच्या लाकडाला लावावा लागतो. दस्त्याच्या पोटातून एक लांबलचक बोल्ट जातो आणि रायफलीच्या लोखंडी सांगाड्यात आवळला जातो. त्या बोल्टाचं टोक चौकोनी असतं. ते सांगाड्यातून किंचित पुढे डोकावतं आणि पुढच्या लाकडाच्या मागच्या कडेला बसवलेल्या छोट्या पट्टीत अडकतं. बोल्ट आपोआप ढिला पडू नये म्हणून केलेली ही सोय. ज्याला हे ठाऊक नाही तो थेट दस्त्याच्या टाचेतलं झाकण उघडतो, लांब पेचकस आत घालतो आणि जोर लावून फिरवतो. बोल्टाचं चौकोनी टोक पट्टीला पिळतं आणि पुढचं लाकूड मागच्या बाजूने उभं तडकतं. एक लाकूड बदलायला घेतलं, दुसरंही गेलं.

चीर केसाएवढी असली तर पॉलिशखाली लपूनही जाते. रायफल नव्यासारखी चकचकीत दिसते. मालक खूश, करणारा खूश. गोळी मात्र भलतीकडे जाते.

जुन्या लष्करी घडणीच्या रायफलीचं लाकूड बदलणं ही दुरुस्तीची फक्त सुरुवात असते. नव्या लाकडासह ती चांदमारीवर नेऊन, पाच गोळ्या एका ठिकाणी पडतात हे डोळ्यांनी पाहून, मग पुढची माशी (नळीच्या तोंडाशी असलेली नेमाची खूण) जुळवल्याशिवाय तिला दुरुस्त म्हणू नये. बंदुकीचा परवाना देणाऱ्या आणि त्याचं नूतनीकरण करणाऱ्या यंत्रणेनेही तसं मानू नये. हा विषय बंदूक बाळगणाऱ्या मूठभर लोकांचा वाटेल. पण चुकलेली गोळी कुणाच्या शेतात जाऊन पडते, याचा विचार केला की तो साऱ्या गावाचा होतो.

पुणतांब्यासारख्या गावाचा तर नक्कीच. राहाता तालुक्यातलं हे गोदाकाठचं गाव. चांगदेव महाराजांची समाधी इथे आहे, दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो, आणि १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप इथून सुरू झाला तेव्हा पुणतांब्याचं नाव देशभर गेलं. नदीकाठची काळी, सपाट जमीन आणि तिच्यावर ऊस. या पट्ट्यात बिबट्याच्या माद्या उसातच पिल्लं घालतात हे आता लहान पोरांनाही माहीत आहे. रात्रीची लाइट आली की पाणी द्यायला उसात उतरणाऱ्या माणसाच्या हातात बॅटरी असते, काठी असते, आणि फार थोड्यांच्या घरी परवान्याची बंदूक. बिबट्यावर ती चालवायला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो. रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे ती खांद्याला लागायचे प्रसंग वर्षानुवर्षं येत नाहीत. आणि जेव्हा येतात तेव्हा दुसरी संधी नसते.

अशा घरातली रायफल बहुधा .३१५ बोअरची असते. तिच्या मागे मोठा इतिहास आहे. लष्कराच्या बोअरचं हत्यार सामान्य रयतेच्या हाती जाऊ नये, ही इंग्रज सरकारची पक्की खबरदारी होती, आणि स्वतंत्र भारतातही .३०३ हे प्रतिबंधित बोअर राहिलं. म्हणून नागरिकांसाठी वेगळ्या काडतुसाची रायफल सरकारी कारखान्यातच बनू लागली. काडतूस वेगळं, पण सांगाडा आणि काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट त्याच थ्री नॉट थ्रीच्या घराण्यातले. त्यामुळे लष्करी थ्री नॉट थ्रीच्या लाकडाविषयी जे जे खरं, त्यातलं बरंचसं शेतकऱ्याच्या घरातल्या .३१५लाही लागू पडतं.

थ्री नॉट थ्री हा तर आता मराठी शब्दच झालाय. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या संशोधकाचा बोल्ट आणि इंग्लंडमधल्या एनफिल्ड कारखान्याची नळी, या दोन्हींच्या जोडीतून १८९५ साली ली-एनफिल्ड आली. १९०७ साली तिचं आखूड आणि सर्वांत गाजलेलं रूप पक्कं झालं. वजन चार किलोच्या आसपास, पोटात दहा काडतुसं. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती हजारोंनी बनली. पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणींनी ली-एनफिल्डच खांद्यावर घेतली होती, आणि १९६२ साली चीनशी झालेल्या युद्धात हिमालयातही आपल्या जवानांच्या हाती तीच होती. त्या युद्धानंतर इशापूरने तिला ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नव्याने घडवलं. थ्री नॉट थ्रीची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनत. बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं असलेली पितळी पुंगळी आजही जगभरच्या जुन्या रायफलींच्या शौकिनांना सापडते. त्यातला ‘के’ म्हणजे किरकी, आपली खडकी.

या रायफलीतलं लोखंड सहसा दगा देत नाही. दगा देतं लाकूड.

अक्रोडाचं लाकूड यासाठी निवडलं गेलं ते उगाच नाही. ते फार जड नाही, धक्का सोसतं, चांगलं वाळवलं की पुन्हा फारसं वाकत नाही आणि पटाशीखाली स्वच्छ कापलं जातं. पण लाकूड ते लाकूड. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा ते आकसतं, श्रावणात फुगतं. त्यावर जवसाच्या तेलाचे हात दिले की हे चढउतार मंदावतात, थांबत नाहीत. जवस तर नगरच्या रब्बीतलं ओळखीचं पीक. घरच्या घाण्याचं कच्चं तेल तळहाताने चोळून चोळून जिरवायचं, दिवसाआड एक हात, असं महिनाभर करायचं, हीच या लाकडाची पूर्वापार निगा. त्याऐवजी अनेक घरांत वर्षानुवर्षं बंदुकीचं यंत्रतेल नळीत आणि बोल्टावर सोडलं जातं आणि रायफल नळी वर करून कोपऱ्यात उभी केली जाते. ते तेल हळूहळू ओघळत खाली येतं आणि सांगाड्याच्या मागच्या लाकडात मुरतं. जिथे सगळा धक्का बसतो नेमकं तिथलंच लाकूड काळं, मऊ, भुसभुशीत होतं. नख दाबलं तर रुततं. निवडणुकीच्या काळात अनेकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. तिथल्या दमट कोठडीत दोन महिने काढून आलेलं लाकूड मग पुढच्या उन्हाळ्यात फाटतं.

मग मालक सुताराकडे जातो.

गावच्या सुताराच्या हाताला नावं ठेवण्याचं काहीच कारण नाही. बैलगाडीचं चाक बांधणारा माणूस लाकूड आणि लोखंड यांचं नातं कुठल्याही इंजिनिअरइतकं जाणतो. आरे तुंब्यात कसे ठोकायचे, धाव लाल करून कशी चढवायची, पाणी मारल्यावर ती आवळून सगळं चाक कसं एकजीव होतं, ही विद्या पिढ्यानपिढ्यांची आहे. अडचण नेमकी तिथेच आहे. चाकाच्या कामात सगळीकडे घट्ट बसलं की काम उत्तम. रायफलीच्या कामात तीन-चार ठिकाणी घट्ट आणि बाकी सगळीकडे मोकळं, असं बसवावं लागतं. सुतार प्रामाणिकपणे नळी लाकडात गच्च बसवतो, कारण त्याच्या विद्येत पोकळी म्हणजे खोट. “मिस्त्री, हलायला नको बरं का,” असं मालकही बजावतो. मिस्त्री हलू देत नाही. आणि तिथेच नेम जातो.

नळीने लाकडाला कुठे टेकावं आणि कुठे टेकू नये, हाच सगळा प्रश्न आहे. गोळी सुटते तेव्हा नळी नुसती मागे ढकलली जात नाही. ती छेडलेल्या तारेसारखी थरथरते. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडाच अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात नळीचं तोंड वरखाली झालेलं असतं. ही थरथर प्रत्येक वेळी सारखी असेल तर गोळ्या एकाच ठिकाणी जातात. नळी आज डावीकडे लाकडाला टेकली, उद्या पावसाने लाकूड फुगून उजवीकडेही टेकली, तर थरथर बदलली आणि गोळीही बदलली. सतारीच्या तारेखाली कुणी बोट ठेवलं तर सूर बदलतो, तसंच.

नळीच्या बुडाशी जिथे ती जाड असते तिथे लाकडाचा पक्का आधार हवा. सांगाड्याच्या खाली, चापाच्या कड्याच्या पुढच्या स्क्रूभोवती लाकूड सपाट टेकायला हवं. नळीच्या तोंडाकडे एक छोटी खुंटी आणि स्प्रिंग नळीला हलकेच वर उचलून धरते. ली-एनफिल्डच्या नंतरच्या, ‘चार नंबर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रूपात हेच काम पुढच्या लाकडाचं टोक काही पौंडांचा दाब देऊन करतं. मधल्या सगळ्या लांबीत नळी आणि लाकूड यांच्यात जाडसर कागद सरकेल एवढी फट हवी. आर्मरर, म्हणजे लष्कर-पोलिसांतला हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर, अगदी हेच तपासतो. लग्नपत्रिकेच्या जाडीची कागदाची पट्टी नळीखाली घालतो आणि बुडाकडे ओढत नेतो. जिथे अडकते तिथे खडूची खूण.

सर्वांत नाजूक जागा मात्र वरून दिसतच नाही. सांगाडा मागे धावतो तेव्हा त्याला अडवतात ते पुढच्या लाकडात आत कोरलेले दोन खांदे, डावा आणि उजवा, प्रत्येक जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. दोन्हींवर सारखा भार यायला हवा. एकावर आला आणि दुसरा सुटा राहिला तर प्रत्येक गोळीला सांगाडा तिरका ढकलला जातो. पन्नासेक गोळ्यांत भाराचा खांदा चेपतो, मग लाकूड फाटतं. यासाठी आर्मरर दिव्यावर चमचा धरून काजळी काढतो, थोड्या तेलात कालवतो आणि सांगाड्याच्या टेकणाऱ्या कडांना पातळ लावतो. सांगाडा लाकडात बसवतो, हाताने दाबतो, उचलतो. लाकडावर काळा ठिपका उमटलेला असतो, डावीकडे गडद, उजवीकडे नुसता फिकट. धारदार पटाशीने डावीकडचा एक पापुद्रा, कांद्याच्या सालीपेक्षा पातळ. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा ठिपका. दोन्ही बाजू सारख्या काळ्या व्हायला कधी वीस फेऱ्या लागतात, कधी चाळीस. घाईत जास्त तासलं गेलं तर परतीचा रस्ता एकच: तो खांदा कोरून काढायचा आणि आडव्या रेषांचं कठीण लाकूड चिकटवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ऑस्ट्रेलियात लाकूड मऊ मिळायचं, म्हणून लिथगोच्या कारखान्याने या खांद्यांवर तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. इशापूरने पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घालून त्याला बळकटी दिली. दोन्ही देशांतल्या कारागिरांना एकच दुखणं कळलं होतं.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी नवं लाकूड बसवताना हमखास हरवते. चापाच्या कड्याच्या पुढच्या स्क्रूभोवती लाकडाच्या भोकात एक लोखंडी नळकांडं असतं, बोटाच्या पेराहून लहान. स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड किती दबावं हे ते ठरवतं. ते लांब असेल तर स्क्रू गच्च वाटतो आणि लाकूड आत ढिलं राहतं. आखूड असेल तर लाकूड चेंगरतं. जुन्या लाकडातून ते काढून नव्यात टाकायचं, आणि नव्या लाकडाच्या जाडीनुसार कानशीने केसभर घासायचं किंवा नवं करून घ्यायचं. अनेक रायफली नेम सोडतात त्या या नळकांड्यापायी, आणि ते जुन्या लाकडाबरोबर सरपणात गेलेलं असतं.

इंग्लंडमध्ये बिस्लीच्या मैदानाशेजारी फुल्टन घराण्याचं दुकान नावारूपाला आलं ते याच कामावर. आर्थर फुल्टन यांनी १९१२, १९२६ आणि १९३१ अशी तीन वेळा राजाच्या नावाची सर्वोच्च नेमबाजी स्पर्धा जिंकली. त्यांच्या दुकानात जाणारी रायफल साधी लष्करीच असे.  बदललेलं असे ते लाकडाचं बसणं. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या नामांकित बंदूककारांनी हजारो चार नंबरच्या रायफली दुर्बीण बसवून खास नेमबाजांसाठी तयार केल्या, त्यातही पुढचं लाकूड नीट बसवणं हा कामाचा मोठा भाग होता. तेव्हा ‘जुनी बंदूक आहे, इकडेतिकडे जाणारच’ ही समजूत कुणी धरून बसू नये. नीट बसवलेल्या लाकडातली शंभर वर्षांची रायफलही नेम धरला तिथेच गोळी टाकते.

लाकूड बसलं. आता चांदमारी.

शंभर मीटरवर कागद लावायचा, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची, आणि माशीला हात न लावता पाच गोळ्या सावकाश झाडायच्या. या पाच छिद्रांत सगळं उत्तर असतं. छिद्रं एकमेकांजवळ आहेत पण मधल्या ठिपक्यापासून लांब, तर लाकूड उत्तम बसलंय, फक्त माशी जुळवायची. छिद्रं कागदभर विखुरली, तर माशीला हात लावणं म्हणजे तापाच्या माणसाचा थर्मामीटर बदलणं. दोष लाकडात आहे, पुन्हा टेबलावर जा. पहिल्या दोन गोळ्या नीट आणि नळी तापेल तशा पुढच्या एकाच दिशेला सरकत गेल्या, तर नळी कुठेतरी एका बाजूला लाकडाला टेकतेय. वरखाली रांग लागली, तर आधी पुढचा स्क्रू आणि ते नळकांडं तपासा. दुर्दैवाने बहुतेक जण करतात उलटं. विखुरलेल्या छिद्रांवर माशी डावीकडे ठोकतात, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि शेवटी रायफलीलाच दोष देऊन मोकळे होतात.

माशी जुळवणंही अंदाजाचं काम नाही. या रायफलीत पुढच्या आणि मागच्या खुणेमध्ये साधारण एकोणपन्नास सेंटिमीटर अंतर असतं. म्हणजे माशी एक मिलिमीटर सरकली की शंभर मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर सरकते. एक मिलिमीटर! हातोडीच्या एका टोल्यात तेवढं होतं. म्हणून आर्मररकडे माशी सरकवायचा स्क्रूचा शिकंजा असतो आणि वरखालीसाठी वेगवेगळ्या उंचीच्या माशांचा डबा असतो. गोळी खाली पडत असेल तर बुटकी माशी, वर जात असेल तर उंच. नव्याने शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं. दोनदा चुकल्यावर कायमचं लक्षात राहतं.

एवढं सगळं जुन्यापुराण्या हत्यारासाठी कशाला, असा प्रश्न येईल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींसमोर आपल्या पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री होत्या, तेव्हापासून हे नाव मागासलेपणाचं प्रतीक झालं. तो राग रास्तच होता. पोलिसांना काळाप्रमाणे शस्त्रं मिळालीच पाहिजेत. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी थ्री नॉट थ्रीला रीतसर निरोप दिला, त्यातही चुकीचं काही नव्हतं. पण २६ नोव्हेंबरच्या त्याच रात्री त्याच स्थानकात रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव सहकाऱ्याच्या हातातली थ्री नॉट थ्री घेऊन अतिरेक्यांवर गोळ्या झाडत होते, हेही विसरायला नको. कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडच्या टोकाला गस्त घालणाऱ्या रेंजर्सनी १९४७ पासून सुमारे सत्तर वर्षं ली-एनफिल्ड वापरली, कारण कडाक्याच्या थंडीतही ती अडत नसे. जुनेपण वेगळं आणि नादुरुस्त असणं वेगळं, हा फरक आपण पुसून टाकला आहे.

आणि ही विद्या जुनी झालेलीच नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं. त्या दर्जाच्या रायफलींचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या बैठकीत बसतो, स्क्रू किती आवळायचा ते मोजणाऱ्या पान्याने ठरतं, आणि बैठक बदलली की सगळी चाचणी पुन्हा पहिल्यापासून होते. काजळीच्या जागी मोजमाप आलं, तत्त्व तेच. जे ऑलिम्पिकच्या नेमबाजाला लागू, ते उसाच्या बांधावर उभ्या शेतकऱ्याला का लागू नसावं? त्याच्या तर गोळीपुढे कागद नसतो. अर्धवट लागलेलं रानडुक्कर ज्या फडात शिरतं, तिथे दुसऱ्या दिवशी पहाटे ऊसतोडीच्या बायाबापड्या कोयता घेऊन उतरतात.

पण हा शेतकरी नेम तपासणार कुठे? १९५९च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम परवान्याशिवाय हत्याराची दुरुस्ती आणि चाचणी करायला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. म्हणजे गावच्या सुताराकडे रायफल नेणंच कायद्यात बसत नाही, आणि परवानाधारक बंदूक दुरुस्त करणारे तालुक्याच्या गावीही सहज सापडत नाहीत. बांधावर डबा ठेवून नेम पाहणं तर त्याहून घातक. पुणतांब्याभोवतीची जमीन पाहावी: गोदावरीचं पात्र सोडलं तर चहूकडे सपाट रान, वस्त्या, रस्ते, रेल्वेची लाइन. गोळी अडवायला मागे डोंगर नाही. रायफलीची गोळी किलोमीटरभर सहज जाते, आणि तिथे कुणाची तरी वस्ती असतेच. जिल्ह्याच्या ठिकाणी रणगाड्यांचं केंद्र आहे, के. के. रेंजसारखं तोफा-रणगाड्यांच्या गोळीबाराचं अफाट मैदान याच जिल्ह्यात आहे, ज्याच्या जमिनीसाठी नगर, राहुरी आणि पारनेरच्या गावांनी वर्षानुवर्षं झळ सोसली. अशा जिल्ह्यात परवानाधारक शेतकऱ्याला वर्षातून एकदा शंभर मीटरची सुरक्षित पट्टी मिळू नये, हे पटणारं नाही.

पोलिसांचा वार्षिक गोळीबार सराव होतच असतो. त्याच मैदानावर, त्याच बंदोबस्तात, पावसाळ्याआधी एक आणि दिवाळीनंतर एक असे दोन दिवस परवानाधारकांसाठी राखून ठेवावेत. काडतुसं ज्याची त्याने आणावीत, फी घ्यावी, आर्मररने आधी लाकूड, स्क्रू आणि बोल्ट पाहावेत आणि धोक्याचं दिसलं तर गोळी झाडूच देऊ नये. २०१६च्या शस्त्र नियमांनी नव्या परवान्यासाठी हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट घातली. माणूस एकदा तपासला. पण त्याच्या हातातलं हत्यार पुढची वीस-तीस वर्षं कसं आहे, हे फक्त नंबर जुळवून पाहिलं जातं. नूतनीकरणाच्या वेळी नळीवरचा नंबर पाहणारा कारकून तडकलेला खांदा पाहू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही.

पोलिसांना कामं काय कमी आहेत, बंदूकवाल्यांचे लाड कशाला, असं कुणी म्हणेल. हे लाड बंदूकवाल्याचे नाहीत. त्याच्या शेजाऱ्याचे, त्याच्या बांधापलीकडे पाणी धरणाऱ्याचे आहेत. इथे परवाने वाढवा असंही म्हणणं नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मर्यादा घातली आणि लग्नात हवेत गोळ्या झाडणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा ठरवला, हे चांगलंच झालं. जी हत्यारं कायदेशीर उरली आहेत त्यांची गोळी तरी नेम धरला तिथे जावी, एवढीच ही मागणी आहे.

हे करायचं तर घाई करायला हवी, कारण काजळी लावून खांदा बसवणारे हात कमी होत चालले आहेत. पोलीस आणि लष्करात नव्या रायफली आल्या. त्यांचे दस्ते प्लास्टिकचे, तुटले की नवे. नव्या आर्मररला पटाशी धरायची वेळच येत नाही. ज्यांनी तीस वर्षं अक्रोडाच्या लाकडावर काम केलं ते आर्मरर हवालदार निवृत्त होऊन आपापल्या गावी शेती पाहत असतील. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, कुठेही. त्यांना मानधनावर बोलवावं, दोन दिवसांच्या त्या शिबिरात टेबलापाशी बसवावं, आणि शेजारी आयटीआयमधून सुतारकाम शिकलेली दोन पोरं उभी करावीत. एक कॅमेरा लावून सगळं चित्रित करावं. निकामी करून संग्रहालयांत आणि शाळांच्या दर्शनी भागात ठेवलेल्या थ्री नॉट थ्रींवरही हे शिकवता येईल. गोळी न झाडता लाकूड बसवायला त्या पुरेशा आहेत.

आणि शिबिर संपताना प्रत्येकाच्या हाती त्याचा कागद द्यावा: शंभर मीटरवरची पाच छिद्रं, तारीख, काडतुसाचा लॉट नंबर, लाकूड कधी बदललं त्याची नोंद आणि खाली आर्मररची सही. परवान्याच्या पुस्तिकेत तो कागद घडी घालून ठेवता येतो.